कियारा म्हणजे तेजस्वी की काळी? नावाचा 'खरा अर्थ' शोधायचा कसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. मुलगी झाली तर कियारा आणि मुलगा झाला तर आरव असं तुम्ही ठरवलंय. अर्थ बघायला गेलात तर कियाराचे तीन निघाले, एका साइटवर 'तेजस्वी', दुसरीवर 'काळ्या केसांची' आणि तिसरीवर 'मूळ संस्कृत, देवाची देणगी'. आरवचा मात्र सगळीकडे एकच, 'शांत', पण तुमचे सासरे म्हणतायत की हा अर्थ साफ चुकीचा आहे. शिवाय घरात दोन तट पडलेत, बायकोला नवीन नाव हवंय आणि वडिलांना आजोबांच्या नावातलं काहीतरी. आणि तुम्ही विचारताय की खरा अर्थ कुठला आणि तो ओळखायचा कसा.

मी वीसेक वर्षं कोशाच्या कामात घालवली आहेत आणि त्यातला बराच काळ व्यक्तिनामांवर, त्यामुळे असे प्रश्न सतत येतात. जवळपास प्रत्येक वेळी अडचण एकच असते, की 'अर्थ' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. ज्या शब्दापासून नाव बनलं त्याचा अर्थ ही एक. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ही दुसरी. आणि नाव ऐकल्यावर आज लोकांना काय आठवतं ही तिसरी. साइटवाले या तिन्हींची खिचडी करून एका ओळीत छापतात आणि आपण त्या ओळीवर भांडत बसतो. म्हणून माझ्याकडे कुणी 'या नावाचा अर्थ काय' विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या भाषेतलं नाव आणि तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं? वाट सापडली की अर्थ बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

कियारावर ही पद्धत लावून बघू. लॅटिनमध्ये 'क्लारुस' म्हणजे उजळ, स्वच्छ, नामवंत, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप 'क्लारा'. लॅटिन शब्द इटालियनमध्ये आले तेव्हा सुरुवातीच्या 'क्ल'चा 'क्य' झाला, आणि हे एका शब्दापुरतं नाही तर नियमाने झालंय, किल्लीला लॅटिनमध्ये 'क्लाविस' आणि इटालियनमध्ये 'क्यावे', हाक मारण्याला 'क्लामारे' आणि 'क्यामारे'. तसंच क्लाराचं 'क्यारा'. असिसीची संत क्लेअर, जी १२५३ साली वारली, तिचं इटालियन नाव क्याराच. म्हणजे क्लारा, क्लेअर आणि क्यारा ही तीन नावं नाहीतच, एकाच नावाची तीन रूपं आहेत. हेच क्यारा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी गेलं, स्पेलिंग 'के'ने सुरू व्हायला लागलं आणि कियारा झालं. या वाटेने अर्थ तेजस्वी, उजळ.

आता दुसरी वाट. आयरिश भाषेत 'कीर' म्हणजे काळा, काळसर. त्यावरून मुलाचं नाव कीरान, ज्याचं इंग्रजी रूप कीरन, आणि मुलीचं कीरा. हे कीरा आयरिश लोक लिहितात सी-आय-ए-आर-ए असं, आणि ज्याला आयरिश येत नाही तो ते कियारा वाचतो. झालं, उजळ आणि काळी एकाच उच्चारात येऊन बसल्या! म्हणजे साइटवरचे दोन्ही अर्थ खोटे नाहीयेत, ते दोन वेगवेगळ्या नावांचे अर्थ आहेत, स्पेलिंगच्या गर्दीत एकमेकांवर आदळलेले.

मग तुमचं कुठलं? माझं मत इटालियन, कारण तुम्ही म्हणताय त्या उच्चारात 'या' स्पष्ट आहे आणि आयरिश नावात तो नाहीच, तिथे सरळ 'कीरा'. पण 'के'वालं स्पेलिंग हा आता असा चौक झालाय की जिथे दोन्ही रस्ते मिळतात, त्यामुळे आयर्लंडमधली एखादी बाई आपल्या मुलीच्या नावाचा अर्थ 'काळसर' सांगत असेल तर तीही बरोबरच आहे. तुम्ही हे नाव उजळ म्हणून ठेवताय ना, मग तुमच्या घरात ते उजळ.

तिसरा अर्थ, संस्कृत आणि देवाची देणगी. हा मात्र सोडून द्या. संस्कृतमध्ये कियारा असा शब्द नाही. कुणी नावाला संस्कृत म्हटलं की मी एकच मागणी करते, फोड करून दाखवा. धातू कुठला, प्रत्यय कुठला, समास असेल तर विग्रह काय. 'देवदत्त' म्हटलं की देवाने दत्त, संपला विषय. कियाराची फोड आजवर कुणी दाखवलेली नाही. आवाजाने जवळचा म्हणाल तर हिंदीतला 'कियारी' म्हणजे क्यारी, बागेतला वाफा, जो संस्कृत केदार म्हणजे शेत या शब्दाच्या घराण्यातला आहे. आता मुलीच्या नावाचा अर्थ वाफा सांगायचा का ते तुम्ही ठरवा!

या 'देवाची देणगी'बद्दल जरा थांबून सांगते, कारण ही साइटवाल्यांची अडगळीची खोली आहे, ज्या नावाचं काही कळत नाही ते तिथे टाकून देतात. गंमत अशी की या अर्थाची अस्सल नावं मात्र जगभर खरोखरच आहेत. ग्रीकमध्ये थिओडोर, आणि तेच दोन भाग उलटे लावले की डोरोथी. हिब्रूत नथानिएल आणि जोनाथन, अरबीत अताउल्लाह, फारसीत खुदादाद, लॅटिनमध्ये अदेओदातुस, संत ऑगस्टीनच्या मुलाचं हेच नाव होतं. स्लाव्ह भाषांमध्ये बोगदान, आणि त्यातलं 'बोग' म्हणजे देव हे आपल्या भगवान मधल्या 'भग'च्या नात्यातलं, आणि 'दान' तर सांगायलाच नको. म्हणजे इतक्या लोकांना मूल झाल्यावर एकच गोष्ट सुचली, पण प्रत्येकाने ती आपापल्या भाषेत म्हटली आणि प्रत्येक नावाची फोड दाखवता येते. कियाराची येत नाही, फरक तेवढाच.

आता आरव. इथे सासरे बरोबर आहेत. मोनिअर-विल्यम्सचा १८९९ सालचा संस्कृत कोश उघडून 'आरव' काढलं तर ओरड, आक्रोश, मोठा आवाज, गलका असे अर्थ मिळतात. मूळ धातू 'रु', आवाज करणे, त्याचा 'रव', आणि त्याला 'आ' हा उपसर्ग. आणि कोश कशाला हवा, आपला कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो! शांत बसलेला कोंबडा कधी आरवल्याचं ऐकलंय का कुणी. मग 'शांत' आलं कुठून? माझा अंदाज असा की कुणीतरी 'आ' हा नकाराचा 'अ' समजला, म्हणजे अ-रव, ज्यात आवाज नाही तो. तसा अर्थ निघायला नाव 'अरव' हवं, ऱ्हस्व. किंवा सरळ 'नीरव', जो शब्द आपण वापरतोच, नीरव शांतता. एका काना-मात्रेने अर्थ बरोबर उलटा झालाय, आणि मग एका साइटने दुसरीचं उतरवलं, दुसरीने तिसरीचं, त्यामुळे सगळीकडे एकच अर्थ दिसतो. दहा ठिकाणी तेच लिहिलंय याचा अर्थ दहा जणांनी तपासलंय असा होत नाही हो, बहुतेक वेळा एकाने चूक केली आणि नऊ जणांनी कॉपी मारली.

पण म्हणून आरव ठेवू नका असं मी म्हणणार नाही. क्लॉडिया ज्या लॅटिन घराण्याच्या नावावरून आलंय ते 'लंगडा' या शब्दाशी जोडलेलं आहे, सेसिलियाचं 'आंधळा'शी. कॅमेरून म्हणजे गेलिक भाषेत वाकडं नाक. या नावांच्या लोकांचं काही बिघडलं नाही, कारण वापरता वापरता नाव शब्दापासून सुटतं आणि फक्त त्या माणसाचं होतं. आणि खरं सांगू का, नवजात बाळासाठी 'आरडाओरडा' याहून प्रामाणिक अर्थ मिळायचा नाही. फक्त कुणी विचारलं तर शांत सांगू नका, 'नाद, घोष' सांगा, ते शब्दाला धरून आहे आणि कानालाही बरं लागतं.

अशाच प्रकारचं एक नाव हल्ली फार विचारलं जातं म्हणून सांगते, अनया. साइटवर 'जिच्याहून श्रेष्ठ कुणी नाही' वगैरे लिहिलेलं असतं. संस्कृतात 'अनय'ची फोड दोन तऱ्हांनी होते, अ अधिक नय म्हणजे वाईट नीती, किंवा अन् अधिक अय म्हणजे सुदैव नसणं. दोन्ही बाजूंनी पंचाईत. आणि 'अनया' हे रूप व्याकरणात बघितलं तर 'इयम्' या सर्वनामाची तृतीया, म्हणजे 'हिने, हिच्यामुळे'! मला स्वतःला हा तिसरा फार आवडतो, घरात जे काही होतं ते हिच्यामुळे, मुलीला अगदी शोभेल. पण हेच नाव हिब्रू वाटेने आलं तर अनाया, देवाने उत्तर दिलं, आणि अरबी वाटेने इनाया असेल तर काळजी, आस्था. परत तेच, वाट कुठली ते बघायचं.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगते. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका गृहस्थांनी विचारलं, समीरचा अर्थ काय. मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, संस्कृत, वारा, झुळूक, सम् उपसर्ग आणि ईर् धातू, हलवणारा, सगळं धडाधड. ते ऐकून घेत होते आणि मग शांतपणे म्हणाले, बाई, आमच्या घरात हे नाव आजोबांनी अरबीतून ठेवलंय, समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. अरबीत रात्रीच्या गप्पांचा 'स-म-र' असा धातूच आहे. दोन भाषा, दोन धातू, एकमेकांशी काही संबंध नाही आणि नाव अक्षर न अक्षर सारखं. तेव्हापासून मी कुणाच्या नावाबद्दल बोलण्याआधी घरात कुठली भाषा आहे ते विचारते.

असे योगायोग छोट्या नावांत भरपूर होतात, कारण दोन-तीन सोपी अक्षरं कुठल्याही भाषेत जुळून येतात. नाओमी हिब्रूत आहे, 'गोडवा, आनंद', आणि जपानीतही आहे, सरळपणा आणि सौंदर्य अशा दोन चिन्हांनी लिहिलेलं. कियान फारसीत राजे आणि आयरिशमध्ये प्राचीन. किरण आणि आयरिश कीरन यांची तर मजाच, एक प्रकाशाचा आणि दुसरा काळ्याचा, आणि परदेशात वाढणारी कितीतरी पोरं दोन्हीकडे चालतं म्हणून हेच नाव लावतात.

उलट जी नावं ऐकायला अजिबात सारखी नाहीत ती कधी कधी सख्खी चुलत भावंडं निघतात. आपली तारा, फारसी सितारा आणि लॅटिन स्टेला ही तिन्ही एकाच अतिप्राचीन शब्दापासून आलीत, ताराचा सुरुवातीचा 'स' गळून गेलाय एवढंच, वेदांत तो अजून दिसतो, 'स्तृभिः' म्हणजे ताऱ्यांनी. पण आयर्लंडमध्ये तारा नावाची जी प्रसिद्ध टेकडी आहे आणि जिच्यावरून तिकडच्या मुलींची नावं ठेवतात तिचा या ताऱ्यांशी काही संबंध नाही. इराणचा सम्राट दारियस, त्याचं नाव त्याच्याच भाषेत 'दारयवहु', ते संस्कृतात बसवलं तर धारयत् आणि वसु, चांगलं ते धरून ठेवणारा. जमशेद मधला 'जम' म्हणजे आपला यम. आणि जरथुष्ट्र या नावाच्या शेवटी चक्क 'उष्ट्र' आहे, उंट! पहिल्या भागावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण उंटाबद्दल वाद नाही. मी हे सांगितलं की लोकांना जरा धक्का बसतो, पण ज्या समाजात घोडा आणि उंट हीच दौलत होती तिथे ते नावात येणारच. ग्रीक फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा, आणि आपल्याकडे अश्वत्थामा आहेच की.

आता जोडनावांकडे येते, कारण तुमच्या घरातल्या वादाचा त्याच्याशी संबंध आहे. आपल्याला सवय अशी की नावात दोन शब्द असले तर त्यांचा मिळून एक अर्थ होतो, कारण संस्कृतात समास असतो. पण जुन्या जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे आजच्या इंग्रजी-जर्मनच्या पूर्वजांत, तसं नव्हतं. तिथे नावासाठी ठरावीक तुकडे होते, कीर्ती, तेजस्वी, भाला, लांडगा, युद्ध, शांती, संपत्ती, रक्षक, आणि त्यातले दोन उचलून जोडायचे. रॉबर्ट म्हणजे कीर्ती अधिक तेजस्वी, एडवर्ड म्हणजे संपत्ती अधिक रक्षक, इथपर्यंत ठीक. पण हिल्डेगुंड म्हणजे युद्ध अधिक युद्ध. आणि सहाव्या शतकात फ्रँक लोकांची एक राणी होऊन गेली फ्रेडेगुंड, तिचं नाव शांती अधिक युद्ध! याचा 'अर्थ' काय सांगणार? साइटवाले सांगतील 'युद्धातून शांती आणणारी'. नाही हो, तसलं काही नाही. बऱ्याचदा तुकडे आईवडिलांच्या नावातून घेतलेले असायचे, नातं दिसावं म्हणून. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकात वुल्फस्टान नावाचा एक बिशप होता, त्याच्या वडिलांचं नाव एथेलस्टान आणि आईचं वुल्फगिफू. आईचा वुल्फ, वडिलांचा स्टान. लांडगा-दगड असा अर्थ काढत बसण्यात काही मतलब नाही, त्या नावाचा खरा अर्थ 'या दोघांचा मुलगा' एवढाच. आज आईबाबांची अक्षरं जोडून नाव करतात त्याला लोक नवीन फॅड म्हणतात, पण हे फॅड हजार वर्षं जुनं आहे.

काही नावांचा अर्थ तर शब्दात नसतोच, तो जन्माच्या वेळेत असतो. घानातल्या अकान लोकांत वारावरून नाव पडतं, शुक्रवारी मुलगा झाला की कोफी, शनिवारी क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, त्या दिवशी शुक्रवारच होता. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांतला आधी बाहेर येतो तो तायवो, जगाची चव आधी घेणारा, आणि मागून येतो तो केहिंदे, आणि मोठा मानतात तो मागून आलेल्या केहिंदेला, कारण त्याने दुसऱ्याला आधी जग बघून यायला पाठवलं म्हणे. मंगोलियात नेरगुई हे नाव आहे, अर्थ 'नाव नाही', आणि एनेबिश, 'हा नव्हे'. मूल जगावं, वाईट शक्तींचं त्याच्याकडे लक्षच जाऊ नये म्हणून. ज्यांनी धोंडू, दगडू, केरू ही नावं ऐकलीत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. कोशात धोंडूसमोर 'दगड' लिहिलं तर ते बरोबर, पण आईच्या मनातला अर्थ होता 'हा माझ्याजवळ राहू दे'.

जपानीत आणखी वेगळं. तिथे आवाज एक आणि लिहायची चिन्हं अनेक. युकी हे नाव बर्फाच्या चिन्हाने लिहिता येतं किंवा सुदैवाच्या, आणि अर्थ उच्चारात नसून लिहिण्यात असतो, म्हणून युकीचा अर्थ विचारला तर जपानी माणूस आधी विचारेल की लिहिता कसं. नावात कुठली चिन्हं चालतील याची सरकारी यादीही आहे, १९५१ मध्ये नेहमीच्या चिन्हांच्या जोडीला नावांसाठी म्हणून ९२ जादा चिन्हं मंजूर केली होती आणि ती पुढे वाढत गेली.

आणि जुन्या ग्रंथात दिलाय म्हणून अर्थ पक्का, असंही समजू नका. मोशेचं नाव बायबलमध्ये 'पाण्यातून बाहेर काढला' म्हणून पडलं असं सांगितलंय, हिब्रू क्रियापदावरून. पण वाढला इजिप्तच्या राजवाड्यात, आणि इजिप्शियन भाषेत 'मोस' म्हणजे जन्मलेला, मुलगा, जो थुतमोस या राजाच्या नावात दिसतो. बहुतेक अभ्यासक ही दुसरी वाट धरतात. याला आम्ही लोकव्युत्पत्ती म्हणतो, म्हणजे मूळ विसरल्यावर लोकांनी आपल्या भाषेतला जवळचा शब्द पकडून लावलेला अर्थ. आरवचं जे झालं तेच, फक्त तीन हजार वर्षं आधी.

काही नावं तर सरळ कुणीतरी बनवलेली असतात. व्हॅनेसाचा अर्थ सगळीकडे 'फुलपाखरू' मिळेल. हे नाव जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकाने एका मैत्रिणीसाठी तयार केलं, तिच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थर या नावाचं लाडकं रूप 'एसा', आणि ते १७२६ मध्ये एका कवितेतून छापून आलं. पुढे १८०७ मध्ये फॅब्रिशियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातिगटाला ते नाव दिलं. म्हणजे फुलपाखराचं नाव मुलीवरून आलं आणि आता मुलीच्या नावाचा अर्थ फुलपाखरू सांगतात. वर्षं तपासली नाहीत तर गाडी उलटी जुंपली जाते ती अशी.

तर तुम्ही स्वतः तपासायचं कसं? फार अवघड नाहीये. आधी नाव ज्या भाषेतलं म्हणून सांगतात त्या भाषेतलं स्पेलिंग आणि उच्चार बघा. मग त्या भाषेच्या कोशात मूळ शब्द आहे का ते बघा, नावांच्या साइटवर नाही, कोशात, आणि ऱ्हस्व-दीर्घासकट, कारण आरव कुठे घसरला ते बघितलंत. मग त्या घराण्यातली बाकी नावं सापडतात का बघा, अरबीत हे फार छान दिसतं, ह-म-द या एका धातूवरून अहमद, महमूद, हमीद, मुहम्मद, सगळी स्तुतीशी जोडलेली, असं घराणं दिसलं की अर्थ पक्का समजायचा. आणि कोशात काहीच मिळालं नाही तर नाव वाईट असं नाही, फक्त त्याला अर्थ चिकटवू नका, सरळ सांगा की आवाज आवडला म्हणून ठेवलं. आवाज आवडणं हे कारण पुरेसं आहे, त्यावर 'संस्कृत'चा शिक्का मारायची गरज नसते.

थोडक्यात तुमच्यापुरतं, कियारा इटालियन वाटेने उजळ, काळी म्हणणारे आयरिश कीराबद्दल बोलतायत, देवाची देणगी विसरा. आरव म्हणजे नाद, शांत नव्हे, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

राहिला घरातला वाद. यावर ॲथेन्समधल्या एका जोडप्याची गोष्ट आहे, ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२३ सालच्या एका विनोदी नाटकातली. बायको खानदानी घरातली, तिला मुलाच्या नावात 'हिप्पोस' म्हणजे घोडा हवाच, रुबाबदार वाटतं म्हणून. नवरा काटकसरी, त्याला आजोबांचं नाव हवं, फेइदोनिदेस, ज्यात 'फेइदो' म्हणजे काटकसर. बरेच दिवस भांडण चाललं आणि शेवटी तडजोड झाली, फेइदिप्पिदेस, काटकसर अधिक घोडा. नाटक सुरू होतं तेव्हा हा मुलगा मोठा झालाय, बाजूला गाढ झोपलाय आणि झोपेतही शर्यतीच्या घोड्यांबद्दल बरळतोय, आणि बाप त्याच्या घोड्यांपायी झालेल्या कर्जाचा हिशोब करत रात्रभर जागा आहे.